२०२४ चा तुमचा अल्बम कोणता? (सलग ऐकलेलाच सांगा)

चौथी_सीट
८ डिसेंबर २०२४, रात्री १०:४२

डिसेंबर लागला की गाण्यांची अ‍ॅपं वर्षाचा हिशोब पुढ्यात टाकतात. यंदा माझ्या हिशोबात पहिला नंबर एका बडबडगीतवाल्या चॅनेलचा आलाय. घरात साडेतीन वर्षांची मुलगी, फोन एकच, आणि तिला भरवायचं काम माझ्याकडे. तेव्हा अ‍ॅपला बाजूला ठेवून माणसांनाच विचारावं म्हणून हा धागा.

मी रोज डोंबिवली ते सीएसएमटी करतो. जानेवारीत ठरवलं होतं की सकाळच्या गाडीत एक अल्बम लावायचा आणि मध्ये गाणं पुढे ढकलायचं नाही. सीट मिळो न मिळो. पारसिकच्या बोगद्यात नेटवर्क जातं म्हणून आदल्या रात्रीच उतरवून ठेवायचा. सगळे दिवस जमलं नाही, पण बऱ्यापैकी जमलं.

माझा एक नंबर: द क्युअर या इंग्लिश रॉक बँडचा 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. सोळा वर्षांनी नवा अल्बम आला, १ नोव्हेंबरला. आठ गाणी, एकोणपन्नास मिनिटं. पहिल्या गाण्यात तीन मिनिटं उलटली तरी गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडत नाही. गाडी सुटते, दारातल्यांची 'आत सरका'ची पहिली फेरी होते, कोपर मागे पडतं, तरी नुसती वाद्यंच. दहा सेकंदांत गाणं बदलायची सवय झालेल्या माणसाला हा चक्क अपमान वाटेल. मला पहिल्या दिवशी वाटलाच. शेवटचं गाणं दहा मिनिटांचं, ते संपता संपता दादर येतं आणि निम्मा डबा रिकामा होतो. ते दोन्ही एकदम होणं म्हणजे काय ते इथे लिहून सांगता येत नाही.

नियम: यंदा आलेला अल्बम हवा. निदान एकदा सलग, क्रमाने ऐकलेला हवा. जास्तीत जास्त तीन सांगा आणि का ते लिहा. नुसती यादी टाकली तर मोजणार नाही. ३१ तारखेला मोजणी.

विरारफास्ट
८ डिसेंबर, रात्री १०:५५

खिडकी पकडली, म्हणजे पहिला प्रतिसाद माझा.

पश्चिम रेल्वेतर्फे मत बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला. सत्तावीस ट्रॅक, ७८ मिनिटं. विरारला लावला की चर्चगेटला संपतो, बाईने टाइमटेबल बघून केल्यासारखा. टेलर स्विफ्टने मात्र एप्रिलमध्ये आधी सोळा गाणी दिली आणि दोन तासांनी आणखी पंधरा. एकतीस गाणी म्हणजे चर्चगेटला जाऊन परत फिरलं तरी बोरिवलीपर्यंत पुरतात. माणसाने कामाला कधी जायचं?

'का' म्हणशील तर, मला कंट्री संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण गाण्यांच्या मध्ये विली नेल्सन हा जुना कंट्री गायक रेडिओच्या निवेदकासारखा बोलतो, ते ऐकून थेट विविध भारती आठवली. एवढं कारण पुरे.

कॅसेटकाका
९ डिसेंबर, सकाळी ६:१०

सलग ऐकणे ही तुमची अट आहे, आमचा तो नाइलाज होता. कॅसेटवर गाणं ढकलायचं तर बटण दाबून अंदाजाने थांबायचं, आणि माझा अंदाज नेहमी पुढच्या गाण्याच्या अंतऱ्यात जाऊन पडायचा. त्यापेक्षा नावडतं ऐकलेलं बरं. अशी कितीतरी नावडती गाणी कानावर पडून पडून पुढे तीच आवडायला लागली. तुम्हाला नावडतं गाणं दुसऱ्यांदा ऐकायची वेळच येत नाही, मग ते आवडणार कधी?

तेव्हा गिरगावात खोली आणि फोर्टात नोकरी. पगाराच्या दिवशी संध्याकाळी काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस, कॅसेट-रेकॉर्डचं दुकान. तिथे बूथमध्ये ऐकून बघता येई. मी तीन ऐकायचो, एक घ्यायचो. काउंटरवरचा माणूस ओळखून होता, पण कधी बोलला नाही. २०१६ मध्ये दुकान बंद होणार म्हटल्यावर बदलापूरहून मुद्दाम गेलो. काहीच न घेता परतलो. घेऊन वाजवणार कशावर?

यंदाचा माझा अल्बम: प्रभाताई अत्र्यांची मारुबिहाग आणि कलावतीची एलपी. १३ जानेवारीला प्रभाताई गेल्या. चारच दिवस आधी राशिद खान, ते तर अवघे पंचावन्न वर्षांचे. त्या आठवड्यात माळ्यावरून सगळ्या एलपी काढल्या, जावयाने प्लेअर दुरुस्त करून आणला. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात. मैफलीत तासभर चालणारा ख्याल एवढ्यात बसवायचा म्हणजे कुठे रेंगाळून चालत नाही, दूध आटवावं तसं होतं. बाजू संपली की गुडघ्यावर हात ठेवून उठायचं, तबकडी उलटायची, पुन्हा बसायचं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम यंदा एवढाच झाला.

मोजायची तर मोजा.

चौथी_सीट
९ डिसेंबर, सकाळी ८:३१

काका, दंडवत. पण ती एलपी माझ्या जन्माआधीची आहे. 'यंदा आलेला' या अटीत कशी बसवू?

कॅसेटकाका
९ डिसेंबर, सकाळी ८:४०

माळ्यावरून यंदाच आली.

विरारफास्ट
९ डिसेंबर, सकाळी ८:४४

हाहाहा. धागाकर्ता क्लीन बोल्ड.

रातराणी
९ डिसेंबर, दुपारी १:१५

माझं नाव बघून अंदाज आला असेलच. आरूज आफताबचा 'नाइट रेन'. मे अखेरीस आला आणि मी भर जूनच्या पावसात ऐकला. दोन आठवडे मी त्या 'रेन'चा अर्थ पाऊस समजत होते. नीट कव्हर वाचलं तेव्हा कळलं की हे राज्य करण्यातलं रेन, रात्रीचं राज्य. तोपर्यंत माझ्या डोक्यात पाऊस पक्का बसला होता, तो आता निघत नाही.

त्यात 'रात की रानी' नावाचं गाणं आहे. आमच्या परळच्या चाळीत मागच्या बाजूला रातराणीचं झुडूप होतं. साप येतात म्हणून दर दोन वर्षांनी कुणीतरी ते तोडायचं आणि ते पुन्हा उगवायचं. गाण्याचा वासाशी संबंध नाही हे मला कळतं, तरीही.

पण खरं कारण वेगळं. यातल्या काही रचना माहलका बाई चंदा हिच्या कवितेवर आहेत. अठराव्या शतकातली हैदराबादची कवयित्री, दख्खनी दरबारातली. तिचे शब्द आज न्यूयॉर्कमध्ये राहणारी पाकिस्तानी गायिका गाते आणि मी ते दादर पुलावर चेंगरत ऐकते. आवाज इतका खाली, सावकाश की इयरफोन नीट बसलेला नसेल तर निम्मं निसटतं. गर्दीत ऐकायचा अल्बम नव्हे हा. तरी मी गर्दीतच ऐकला, कारण एकटेपणा मिळतो तोच तेवढा.

टपरीवरचा_कटिंग
९ डिसेंबर, रात्री ९:०२

हलकेच घ्या, पण अल्बम हा प्रकार कधीच संपला राव. यंदा गणपतीत, हळदीत, ऑफिसच्या पार्टीत काय वाजलं? 'गुलाबी साडी' आणि 'तांबडी चामडी'. पहिलं जळगावच्या संजू राठोडचं. दुसरं क्रेटेक्स आणि श्रेयसचं, ते काढलं स्पिनिन रेकॉर्ड्सने. नेदरलँड्सची कंपनी, मराठी हाउस म्युझिक! दोन्ही सुटी गाणी. कुणी विचारलं का, अल्बम कुठेय म्हणून? इथे सगळे क्युअर आणि बियॉन्से घेऊन बसलेत. मराठीतला यंदाचा एक अल्बम सांगा, मी लगेच सलग ऐकतो.

साडेतीन_सप्तक
१० डिसेंबर, सकाळी ११:२०

कटिंग, तू म्हणतोस ते नवं नाहीच. मुळात सुटं गाणं हाच जुना प्रकार. ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. आपली कितीतरी नाट्यपदं आणि भावगीतं त्याच मापात शिवून घेतलेली आहेत. पुढे अशा चार-सहा तबकड्या पुठ्ठ्याच्या बाइंडिंगमध्ये एकत्र विकायला लागले, फोटोंचा अल्बम असतो तशा. म्हणून त्याला अल्बम म्हणायला लागले. एलपी आली १९४८ मध्ये. म्हणजे हिशोब केला तर अल्बम हाच मधला पाहुणा.

पण पाहुण्याची चप्पल दाराबाहेर आहे तोवर तो गेला म्हणू नये. बिली आयलिशने 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' काढताना आधी एकही गाणं सुटं सोडलं नाही. दहा गाणी एकाच दिवशी, घ्या आणि ऐका. माझी पुतणी रुईयात आहे, सतरा वर्षांची. तिने आणि तिच्या मैत्रिणीने एकेका कानात एकेक बोंडूक घालून कट्ट्यावर बसून तो पूर्ण ऐकला. चव्वेचाळीस मिनिटं गप्प! मला तर त्या अल्बमपेक्षा ती बातमीच मोठी वाटली. मग मीही ऐकला. कुजबुजत सुरू झालेलं गाणं मध्येच कूस बदलतं आणि भलतीकडेच जातं, ते सुटं ऐकलं तर चूक वाटेल. क्रमाने ऐकल्यावर कळतं. माझं पहिलं मत त्याला.

विरारफास्ट
१० डिसेंबर, दुपारी १२:०५

सप्तकताईंना अनुमोदन. पुतणीला विचारा, 'ब्रॅट' ऐकला का? चार्ली एक्ससीएक्स या ब्रिटिश गायिकेचा. पोपटी रंगाचं नुसतं कव्हर. मला दोन दिवस वाटत होतं की नेट स्लो आहे आणि फोटो उघडलेला नाही.

अवांतर: कॉलिन्स शब्दकोशाने यंदाचा शब्द म्हणून 'ब्रॅट' निवडलाय. आमच्या मातोश्री १९९४ पासून तो वापरतायत. मराठीत. 'कार्टं'.

पाणीपुरी_बिनपाण्याची
१० डिसेंबर, रात्री १०:३०

माझं वर्ष कोल्डप्लेच्या 'मून म्युझिक'मुळे नाही, २२ सप्टेंबरच्या रविवारमुळे लक्षात राहणार. दुपारी बाराच्या ठोक्याला त्यांच्या कार्यक्रमाच्या ऑनलाइन तिकिटांच्या रांगेत शिरले तर पुढे काही लाख माणसं. नवरा एका फोनवर, मी दुसऱ्यावर, सासूबाई आयपॅडवर. सासूबाईंचा नंबर सगळ्यात पुढे होता. त्या कुकर बंद करायला उठल्या आणि स्क्रीन झोपली. घरात दोन दिवस कुणी त्यावर बोललं नाही.

गंमत म्हणजे जानेवारीतले तिन्ही कार्यक्रम डी. वाय. पाटीलला आणि आम्ही नेरूळला. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडून आत्ताच मागून ठेवली आहे.

अल्बम बरा आहे. फार गोड. पण त्याची एलपी वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून करतात, एका तबकडीला नऊ बाटल्या, हे मला आवडलं. अर्धं मत द्या.

चौथी_सीट
१० डिसेंबर, रात्री १०:४८

अर्धं मत नियमात नाही. सासूबाईंचं अर्धं मिळवून एक करून द्या.

पांढरा_कांदा_अलिबाग
११ डिसेंबर, सकाळी ९:१७

सिनेमाची गाणी चालतात का? चालत असतील तर 'अमर सिंग चमकीला', त्याच नावाच्या पंजाबी गायकावरचा सिनेमा. रहमानचं संगीत, इर्शाद कामिलचे शब्द. चमकीलाची जी जुनी अखाड्यातली (म्हणजे गावातल्या खुल्या मैफलीतली) गाणी सिनेमात आहेत, ती दिलजीत आणि परिणीतीने शूटिंगच्या वेळीच थेट गायली आहेत. श्वास लागलेला ऐकू येतो. आजकालच्या गाण्यात श्वास पुसून टाकतात. आणि रहमानची नवी गाणी त्या तुंबीवाल्या (एकतारी पंजाबी वाद्याच्या) गाण्यांच्या शेजारी बसूनही उपरी वाटत नाहीत.

मराठीत 'फुलवंती' आहे की हो, अविनाश-विश्वजीत यांचं. 'मदनमंजिरी' ऐका, वैशाली माडेने गायलंय. कटिंगशेठ, लगेच सलग ऐकणार होतात ना?

खर्जातला_सा
११ डिसेंबर, सकाळी १०:०२

सिनेमाची गाणी म्हणजे अल्बम नव्हे. तिथे क्रम पटकथा ठरवते, संगीतकार नाही.

पांढरा_कांदा_अलिबाग
११ डिसेंबर, सकाळी १०:०९

मग 'सैराट' काय होतं? चार गाणी, एकही इकडची तिकडे करता येणार नाही. वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केलेला. २०१६ मध्ये आमच्या एसटीने अलिबाग ते पनवेल दुसरं काही वाजवलं नाही, आणि मी तो क्रम आजही झोपेत सांगतो.

खर्जातला_सा
११ डिसेंबर, सकाळी १०:१५

एसटीच्या ड्रायव्हरने ठरवलेला क्रम म्हणायचाय का तुम्हाला?

बदलापूर_७_१४
११ डिसेंबर, रात्री ८:५०

क्रमाचा विषय निघालाच आहे म्हणून. मी कानात काही घालत नाही. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. गेली एकोणीस वर्षं मी त्याच दाराजवळ उभा राहतो, भजनात नाही, फक्त उभा. गाडी सुटली की 'जय जय राम कृष्ण हरी'. मग रूपाचा अभंग. मग तुकोबा. घाटकोपरच्या सुमारास गवळण, तेव्हा पखवाज नाही, ढोलकी चढते आणि बुवांचा आवाजही. भैरवी कुर्ल्याला सुरू होते आणि दादरच्या आधी टाळ पिशवीत. सोमवार असो, शुक्रवार असो, क्रम मोडत नाही. मोडला तर जुने लोक डोळे वटारतात.

एकदा नवीन मुलाने उत्साहात मुलुंडलाच गवळण उचलली. बुवांनी नुसता एक टाळ वाजवला. मुलगा पुन्हा अभंगावर आला.

हा अल्बमच नाही का? तुमच्या नियमात बसत नसणार. प्रसिद्ध झालेला नाही, रोजच नवा असतो.

रातराणी
११ डिसेंबर, रात्री ९:०४

७:१४, हा या धाग्यावरचा सर्वात भारी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

कॅसेटकाका
११ डिसेंबर, रात्री ९:३०

त्या मंडळात मी आठ वर्षं टाळ धरला आहे. गवळण घाटकोपरला नाही, भांडुपला. पूर्वी गाडी हळू होती.

टपरीवरचा_कटिंग
१३ डिसेंबर, रात्री ११:११

'फुलवंती' ऐकला. सलग. 'मदनमंजिरी' तीनदा ऐकलं म्हणजे नियम मोडला का? मत त्याला. तरी माझं म्हणणं कायम आहे.

साडेतीन_सप्तक
१४ डिसेंबर, दुपारी ४:४०

पुढच्या महिन्यात 'संगीत मानापमान' सिनेमा येतोय, संगीत शंकर-एहसान-लॉय. मूळ नाटक १९११ चं, खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. तो पुढच्या वर्षीच्या धाग्यात. आजच लिहून ठेवते, तेव्हा खिडकी माझी.

पाणीपुरी_बिनपाण्याची
१५ डिसेंबर, रात्री १०:२१

तबल्याचे झाकीरभाई हुसेन गेल्याची बातमी खरी आहे का? सगळ्या चॅनेलवर आहे.

विरारफास्ट
१५ डिसेंबर, रात्री १०:२६

मीपण बघतोय. खरी नसू दे.

खर्जातला_सा
१५ डिसेंबर, रात्री ११:५२

कुटुंबाकडून खुलासा आलाय, अजून आहेत, प्रकृती गंभीर आहे. कृपया इथे श्रद्धांजली लिहू नका. थांबा.

रातराणी
१६ डिसेंबर, रात्री १२:३०

थांबलेय.

खर्जातला_सा
१६ डिसेंबर, सकाळी ७:०५

गेले. कुटुंबाने कळवलं. सॅन फ्रान्सिस्कोला. त्र्याहत्तर.

माहीम_कापडबाजार
१६ डिसेंबर, रात्री १०:१५

इथे गेली काही वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितो.

उस्ताद आमच्या माहीमचे. सेंट मायकल शाळेत शिकलेले. मीही त्याच शाळेचा, काही दशकांनी उशिरा. वडील तबला शिकवायचे, क्लास म्हणजे आमचीच बाहेरची खोली. वर्षात एकच दिवस क्लास बंद असायचा, ३ फेब्रुवारी. अल्लारखाँसाहेबांची, म्हणजे उस्तादांच्या वडिलांची बरसी, षण्मुखानंदला. गणपतीत क्लास चालू, दिवाळीत चालू, ३ फेब्रुवारीला बंद.

पहाटे अंधारात उठवून न्यायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, पहिल्या सत्रात वडिलांच्या दंडावर डोकं टेकून झोपलो. जाग आली ती शंखाने. मला वाटलं कुणी खरंच शंख फुंकतंय. बघतो तर तबलाच, बायाँवरून हात सरकतोय. मग डमरू. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. वडील हसत नव्हते. त्यांची बोटं माझ्या मांडीवर चालू होती, काय चाललंय ते पकडायचा प्रयत्न करत होते. परतताना शीवहून चालत आलो, वाटेत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, 'अजून पंचवीस वर्षं लागतील.' कशाला ते आईने विचारलं नाही.

वडील २०२१ मध्ये गेले.

माझं मत 'अ‍ॅज वी स्पीक'ला. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बेस, राकेश चौरसियांची बासरी आणि झाकीरभाई. मला ठाऊक आहे तो गेल्या वर्षीचा आहे. पण ग्रॅमी यंदा फेब्रुवारीत मिळालं, बरसीच्या दुसऱ्याच दिवशी. त्या एका समारंभात झाकीरभाईंना तीन मिळाली. मी ती बातमी वाचून तो अल्बम लावला, म्हणजे माझ्यापुरता तो यंदाचा. त्यात तबला कुठेही मी बघा म्हणत नाही. बँजोच्या तुटक सुरांखाली इतका हळू चालतो की दुसऱ्यांदा ऐकताना कळतं, अरे, सगळं याच्यावर उभं होतं.

नियमात बसत नसेल तर राहू द्या.

पांढरा_कांदा_अलिबाग
१६ डिसेंबर, रात्री १०:४०

बसवा हो कसंही.

पाणीपुरी_बिनपाण्याची
१६ डिसेंबर, रात्री ११:०२

माझं अर्धं मत कोल्डप्लेवरून काढून झाकीरभाईंच्या शक्ती या बँडच्या 'धिस मोमेंट'ला, आणि आता पूर्ण. त्यालाही यंदाच ग्रॅमी मिळालंय. गेल्या वर्षी जानेवारीत शक्ती मुंबईत आले होते, पन्नास वर्षांच्या निमित्ताने. आम्ही 'पुढच्या वेळी' म्हणून गेलो नाही.

विरारफास्ट
१६ डिसेंबर, रात्री ११:०९

माझंही 'धिस मोमेंट'ला. बियॉन्से दुसरी.

खर्जातला_सा
१७ डिसेंबर, सकाळी १०:३३

वाईट वाटेल, पण लिहितो. श्रद्धांजली म्हणून मतं देऊ नका. अल्बमवरही अन्याय आणि माणसावरही.

'धिस मोमेंट' मी गेल्या वर्षी आला तेव्हाच ऐकला. गिटारवर मॅकलॉफ्लिन, मग झाकीरभाई, शंकर महादेवन, सेल्वागणेश, गणेश राजगोपालन. एकाहून एक माणसं. मला तो मध्यम वाटला. फार गुळगुळीत. १९७६ ची पहिली शक्ती ऐका, ती प्रत्यक्ष मैफलीतली ध्वनिमुद्रिका आहे. एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम घटमवर. तिथे सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जातात. पुढच्या क्षणी कोण पडेल सांगता येत नाही. 'धिस मोमेंट'मध्ये कुणी पडणार नाही हे पहिल्या मिनिटापासून माहीत असतं.

झाकीरभाईंना हे सांगितलं असतं तर ते चिडले नसते, असं मला वाटतं. बाकी ज्यांनी काल पहिल्यांदा ऐकला, त्यांनी अजून दोनदा ऐकून मग मत द्यावं.

विरारफास्ट
१७ डिसेंबर, सकाळी १०:४१

सर, काल पहिल्यांदाच ऐकला हे कसं कळलं?

खर्जातला_सा
१७ डिसेंबर, सकाळी १०:४४

आठ दिवसांपूर्वी तुम्ही पोपटी कव्हरावर लिहीत होतात.

साडेतीन_सप्तक
१७ डिसेंबर, दुपारी १:२७

सा, थोडं असहमत. गुळगुळीत आहे हे खरं. पण त्यात 'श्रीनीज ड्रीम' आहे, मँडोलिनवाल्या यू. श्रीनिवासच्या आठवणीतलं. तो यांच्याबरोबरच वाजवायचा, २०१४ मध्ये अकाली गेला. गेलेल्या साथीदाराच्या जागेभोवती बाकीचे जपून वाजवतात, आणि त्या जपून वाजवण्यालाच तू गुळगुळीत म्हणतोयस का ते एकदा तपासून बघ. आणि माणूस गेल्यावर त्याचं ऐकावंसं वाटणं यात गैर काय? काकांनी जानेवारीत तेच केलं, तेव्हा आपण सगळे वाहवा म्हणालो.

कॅसेटकाका
१७ डिसेंबर, सायंकाळी ६:५०

मला मध्ये ओढू नका. मी 'मेकिंग म्युझिक' ऐकतोय, १९८७ ची. झाकीर, हरिजी (हरिप्रसाद चौरसिया), मॅकलॉफ्लिन आणि यान गार्बारेकचा सॅक्सोफोन. कॅसेट आहे, प्लेअर नाही, म्हणून नातवाने फोनवर लावून दिली. एक बाजू संपली तरी उठावं लागलं नाही. चुकल्यासारखं झालं.

खर्जातला_सा
१९ डिसेंबर, रात्री ९:१२

सप्तक, तपासलं. 'श्रीनीज ड्रीम' पुन्हा ऐकलं, तीनदा. तेवढं मागे घेतो. बाकी गुळगुळीतच.

चौथी_सीट
३१ डिसेंबर, रात्री ८:१९

मोजायला बसलो होतो. वही समोर आहे, सांगतो काय झालंय.

नियमात काटेकोर बसणारी मतं: 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', 'नाइट रेन', 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट', 'काउबॉय कार्टर' (आता दुसऱ्या क्रमांकावर), 'चमकीला' आणि 'फुलवंती'. प्रत्येकी एक. सिनेमाचे अल्बम धरले, खर्जातल्यांचा निषेध नोंदवून. नियमाबाहेर: माळ्यावरून आलेली एक एलपी, एक भजनी मंडळ, गेल्या वर्षीच्या दोन अल्बमना मिळून तीन. सर्वाधिक मतं 'धिस मोमेंट'ला, दोन, आणि तो यंदाचा नाही.

म्हणजे माझ्या नियमांनी कुणीच जिंकत नाही आणि नियम सोडले तर नियम कशाला केले असं होतं. बायको म्हणाली, निकाल न लावता झोप.

काल सकाळी गाडीत पुन्हा क्युअर लावला होता. त्यात एक गाणं रॉबर्ट स्मिथने भाऊ गेल्यावर लिहिलेलं आहे. इतके दिवस ते मला अल्बममधलं जरा कमकुवत गाणं वाटायचं, पण ढकलायचं नाही असा नियम असल्यामुळे ऐकत होतो. काल ठाणे सुटल्यावर आलं आणि मुलुंडपर्यंत चाललं. काका म्हणाले होते तसं झालं बहुतेक.

आज सकाळी 'अ‍ॅज वी स्पीक'. माहीमकर, तुमचं मत मी एक नंबरच्या रकान्यात लिहिलंय, पेन्सिलीने.

माहीम_कापडबाजार
३१ डिसेंबर, रात्री ८:४०

धन्यवाद. पुसलंत तरी चालेल.

बदलापूर_७_१४
३१ डिसेंबर, रात्री ९:०५

कॅसेटकाका, आज बुवांना विचारलं. गवळण भांडुपलाच असायची म्हणाले. आणि तुमची चौकशी करत होते. टाळ अजून तुमच्याच नावाने पिशवीत आहे.

कॅसेटकाका
३१ डिसेंबर, रात्री ९:२२

सात-चौदा अजून सात-चौदालाच सुटते का?

बदलापूर_७_१४
३१ डिसेंबर, रात्री ९:२४

सात-सतरा धरा.

झोपलेला_सिग्नल
१ जानेवारी २०२५, रात्री १:५०

नवीन वर्षाच्या शुभेच्छा मंडळी. पूर्ण धागा वाचलेला नाही. वर कुणी 'चमकीला' लिहिलंय का?

पांढरा_कांदा_अलिबाग
१ जानेवारी २०२५, सकाळी ७:३०

लिहिलंय. तुमचं धरून दोन झाली. चौथी सीट, वही उघडा.